इंदूरात नवे आलात? इथल्या सुखांच्या वेळा आधी पाठ करा

नोकरी, शिक्षण किंवा लग्नामुळे इंदूरला राहायला येणाऱ्या मराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात चारजण सांगतात: पोहे-जिलबी खा आणि सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन या. मग एखादा रविवार धरून सकाळी छप्पन दुकान ही खाऊगल्ली, दुपारी लालबाग महाल, संध्याकाळी खजराना गणपती आणि रात्री सराफा असं सगळं एका दमात उरकलं जातं. सोमवारी पोट बिघडतं, आणि शहर बघून झालं असं वाटू लागतं.

इंदूरची बहुतेक सुखं लहान आहेत आणि प्रत्येकाला ठरलेली वेळ आहे. पोह्यांची वेळ साडेनऊला सरते. सराफा संध्याकाळी सातला गेलात तर फक्त सोन्याची दुकानं दिसतात. गराडू हा हिवाळी कंद मे महिन्यात मिळत नाही, आणि मे महिन्यातली रात्रीची गच्ची जानेवारीत मिळत नाही. वेळ चुकली की उरतं ते नुसतं ठिकाण. म्हणून हे मार्गदर्शन ठिकाणांपेक्षा वेळांभोवती बांधलं आहे. एकेक पायरी एकेका आठवड्याला घ्या, घाई करू नका.

पहिली पायरी: एक वही आणि रोज एक ओळ

खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. फोनवर टिपण्याचा मोह होईल, पण फोन उघडला की दहा निरोप समोर येतात आणि टिपायचं राहून जातं. रात्री झोपण्याआधी एकच ओळ लिहायची, आणि तिच्यात चार गोष्टी हव्यात: किती वाजता, कुठे, काय आणि कोणत्या इंद्रियाला कळलं. 'सकाळी ७:१०, कोपऱ्यावरची पोह्यांची गाडी, झाकण उघडल्यावर बडीशेपेचा वास' ही ओळ चांगली. 'आज पोहे मस्त होते' ही ओळ दोन महिन्यांनी वाचली तर तिच्यातून काहीच परत मिळत नाही.

सुरुवातीला दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे 'छान', 'मस्त', 'सुंदर' हे शब्द. ते महिनाभर वर्ज्य करा; मग आपोआप वस्तू लिहावी लागते. दुसरी म्हणजे दिवसाला पाच-सहा ओळी लिहिणं. तो उत्साह आठवडाभर टिकतो आणि मग वही कपाटात जाते. एक ओळ म्हणजे एकच. एखादा दिवस कोरा गेला तर तारीख घालून जागा मोकळी सोडा, दुसऱ्या दिवशी भरून काढू नका. कोऱ्या जागाही उपयोगी पडतात. तीस दिवसांनी पान उलटून पाहिलं की कोणत्या वारी आणि कोणत्या तासाला आपण काहीच बघत नाही ते दिसतं. बहुतेकांच्या बाबतीत तो तास कामावर जाण्या-येण्याचा निघतो.

त्या तासासाठी सोपा उपाय आहे. रोजच्या वाटेवरचा एकच सिग्नल निवडा, पलासियाचा म्हणा किंवा विजयनगरचा. तो लाल असेपर्यंत फोनला हात लावायचा नाही आणि फक्त आवाज मोजायचे. पहिल्या दिवशी हॉर्नखेरीज काही ऐकू येत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी शेवचिवड्याच्या गाडीवरचा झारा, शेजारच्या दुचाकीवरच्या दोघांचं बोलणं, झाडातली साळुंकी असं सुटंसुटं ऐकू यायला लागतं.

दुसरी पायरी: पोहे, पण वेळेवर आणि क्रमाने

घरच्या कांदेपोह्यांची सवय असलेल्याला इंदुरी पोहे पहिल्यांदा फिके वाटतात. हे पोहे कढईत परतत नाहीत. खालच्या पातेल्यात पाणी उकळत असतं आणि वरच्या पातेल्यातले पोहे त्या वाफेवर तासन्‌तास गरम राहतात, म्हणून ते मऊ असतात आणि तेल अगदी कमी लागतं. चव येते ती वरून: बारीक शेव, कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू, कुठे डाळिंबाचे दाणे, आणि या सगळ्यांवर जीरावन. जीरावन म्हणजे जिरं, धणे, बडीशेप, लवंग, दालचिनी, तमालपत्र, सुंठ, हिंग, आमचूर, काळं मीठ असा भाजून कुटलेला मसाला. प्रत्येक घरात आणि प्रत्येक गाडीवर त्याचं प्रमाण वेगळं असतं.

सात ते नऊ ही खरी वेळ. गाडी निवडताना पाटी बघू नका, पातेलं किती लवकर रिकामं होतंय ते बघा. जिथे पातेलं सतत भरलं जातं तिथे पोहे ताजे. जिथे एकच पातेलं तासभर तसंच आहे तिथले खाली चिकट आणि वर कोरडे झालेले असतात.

मागताना 'भिया, सेव बाद में' एवढंच म्हणा. कारण असं की शेव आधी पडली आणि वरून लिंबू पिळलं की दोन-तीन मिनिटांत ती मऊ पडते. आधी लिंबू, मग कांदा, मग जीरावन आणि सगळ्यात शेवटी शेव. आणि खायचं उभ्यानं, तिथेच. बांधून घरी आणलेले पोहे बरे लागतात, पण कुरकुरीत आणि मऊ एकाच घासात येण्याची गंमत जाते. जिलबी वेगळ्या कागदावर घ्या. दोन घास पोहे, एक तुकडा जिलबी असा फेरा धरला तर तिखट आणि गोड एकमेकांना मारत नाहीत. पहिल्या खेपेला उसळपोहे मागवू नका. ते झणझणीत असतात, आणि जीरावनाची ओळख होण्याआधीच जीभ सुन्न होते.

पावसाळ्यातल्या रविवारी हे घरी करायचं तर चौघांसाठी पाव किलो जाड पोहे घ्या. चाळून, दोन पाण्यांतून पटकन काढून चाळणीत दहा मिनिटं निथळत ठेवा. एक लहान चमचा मीठ, तीन चमचे साखर आणि अर्धा चमचा हळद हलक्या हाताने लावा. दोन मोठे चमचे तेलाची फोडणी करा: अर्धा चमचा मोहरी, एक चमचा बडीशेप, एक चमचा भरडलेले धणे, चिमूट हिंग, तीन हिरव्या मिरच्या. गॅस बंद करून फोडणी पोह्यांवर ओता आणि मग पातेलं उकळत्या पाण्यावर दहा मिनिटं ठेवा. झाकणाला आतून कोरडं फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी ठिबकून मधोमध गोळा होतो. पातळ पोहे वापरले तर लापशी होते, तिथे काहीच उपाय नाही. मीठ मुद्दाम कमी सांगितलं आहे, कारण शेव आणि जीरावन दोन्ही खारट असतात. जीरावन एका वेळी पन्नास-शंभर ग्रॅमच आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तीनेक महिन्यांत त्याचा वास उडतो.

तिसरी पायरी: एक किलोमीटर, अर्ध्या तासात

साधारण चालीने किलोमीटरला बारा-पंधरा मिनिटं लागतात. इथे मुद्दाम अर्धा तास घ्यायचा. जुन्या शहरात सकाळी आठच्या आत राजवाड्यासमोर उभे राहा. नऊनंतर तिथे गर्दीतून वर मान करायलाही जागा राहत नाही. समोरून मजले मोजा. सात भरतात, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. दगड जिथे संपतो आणि लाकूड जिथे सुरू होतं तिथे नजर एक मिनिट ठेवा. खालचा भाग किल्ल्यासारखा आणि वरचा वाड्यासारखा, हे एकदा दिसलं की पुढे कधी गाडीवरून जातानाही नजर तिथेच जाते. १९८४च्या आगीत या वाड्याचं फार नुकसान झालं होतं, हे ठाऊक असलं तर आज उभ्या असलेल्या लाकडाकडे जरा वेगळ्या काळजीने बघितलं जातं.

तिथून कृष्णपुरा छत्र्यांकडे निघा. कान्ह नदीच्या काठावरच्या या होळकरांच्या छत्र्या, म्हणजे स्मारकं. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या. छत्रीच्या ओट्यावर पाच मिनिटं बसा आणि एकच खांब वरपासून खालपर्यंत बघा. सगळे खांब बघायला गेलात तर एकही लक्षात राहत नाही. पुढे गांधी हॉल लागतो. १९०४ साली बांधलेला, मूळ नाव किंग एडवर्ड हॉल, आणि चारी बाजूंना घड्याळ म्हणून जुनी माणसं त्याला घंटाघर म्हणतात. रस्ता इथे संपवा. परत येताना रिक्षा करा. त्याच वाटेने चालत परतलात तर थकवा येतो आणि पाहिलेलं पुसट होतं.

ज्यांचं घर राजेंद्र नगर, सुदामा नगर, वैशाली नगर किंवा लोकमान्य नगरात आहे त्यांनी हाच प्रयोग आपल्या गल्लीत करावा. या भागांत मराठी घरं पुष्कळ आहेत. सकाळी दारातली रांगोळी, खिडकीतून येणारा फोडणीचा वास आणि फाटकावरची देवनागरी पाटी यांवरून घर कोणाचं ते ओळखायचं, आणि मग शेजारच्या काकूंना विचारून ताडून बघायचं. काकू मराठीत सुरुवात करतील आणि तिसऱ्या वाक्याला हिंदीत जातील. त्यांची मराठी सुधारायला जाऊ नका. दोनशेहून जास्त वर्षं माळव्यात राहून आलेली ती भाषा आहे, आणि ती कानावर पडणं हेच इथे राहण्याच्या सुखांपैकी मोठं सुख आहे. 'भिया', 'हओ', 'पेलवान', वाक्याच्या शेवटचं लाडिक 'नी' असे शब्द आठवड्याला एक या हिशोबाने वहीत उतरवा. ज्याच्याकडून ऐकला त्याचं नातं किंवा काम शेजारी लिहा: दूधवाला, घरमालक, वर्गातली मैत्रीण.

चौथी पायरी: सराफा, अर्ध्या पोटाने

दिवसा हा सोन्या-चांदीचा बाजार. दुकानांची शटरं खाली आली की त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. सोमवार ते गुरुवार साडेनऊ ते अकरा ही वेळ सगळ्यात चांगली. शनिवारी जायचंच असेल तर सोबत लहान मूल नेऊ नका, खांद्याला खांदा लागतो. गाडी लांब लावा आणि राजवाड्याच्या बाजूने चालत आत शिरा.

पहिला फेरा काहीही न खाता पूर्ण करायचा. हा नियम मोडणारे पहिल्याच गाडीवर पोट भरतात. फेरा मारताना कुठे तूप तापतंय, कुठे दूध आटतंय, कुठे रांग आहे हे बघून ठेवा. मग दोघांत मिळून तीनच पदार्थ, आधी तिखट, मग गोड. भुट्ट्याचा कीस घ्यायचा तर ऑगस्ट-सप्टेंबरात, जेव्हा कोवळी देशी कणसं येतात. किसलेला मका तुपात परतून दुधात शिजवतात. कणीस जून असेल तर कीस पिठूळ लागतो, कितीही तूप घाला. गराडू हिवाळ्यातला. हा जांभळट-पांढरा कंद तुकडे करून खरपूस तळतात आणि वर जीरावन व लिंबू. घरी आणून करणार असाल तर सोलण्याआधी हाताला तेल लावा, नाहीतर हात खाजतात. आणि नीट शिजला नाही तर घसाही. लिंबू हवंच, ते चवीसाठीही आहे आणि खाज मारायलाही.

शिकंजीबद्दल सावध राहा. नाव ऐकून लिंबाचं सरबत समजून पूर्ण पेला मागवणारे नवखे रोज दिसतात. इंदुरी शिकंजी म्हणजे आटीव दुधाचं, केशर-सुकामेव्याचं, किंचित आंबूस असं घट्ट पेय. त्याच्यानंतर काही खाता येत नाही. म्हणून शेवटी, आणि दोघांत अर्धा पेला.

खाऊन झालं की द्रोण आणि कागद डब्यातच. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत सलग पहिलं येत राहिलं त्यात महापालिकेइतकाच वाटा द्रोण डब्यापर्यंत नेणाऱ्या हातांचा आहे. घरीही पहिल्या दिवसापासून ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा. सकाळची गाडी गाणं वाजवत येते, आणि तिच्यामागे गल्लीतली सगळी दारं एकदम उघडतात. नव्या माणसाची शेजाऱ्यांशी पहिली ओळख बहुधा तिथेच होते.

पाचवी पायरी: गच्ची

'शब-ए-माळवा' हा शब्द इथे सगळे वापरतात. माळव्याची रात्र थंड का, तर शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि उन्हाळ्यात हवा कोरडी असते. कोरडी, निरभ्र हवा जमिनीतली उष्णता अडवून धरत नाही. सूर्य मावळला की ती वर निघून जाते. दुपारी चाळिशी गाठलेला पारा रात्री भराभर उतरतो. पण सिमेंटचा स्लॅब तापलेला राहतो, आणि नवखे आठ वाजता चटई टाकून वैतागून खाली येतात.

करायचं असं: सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने एक बादली पाणी गच्चीवर शिंपडा, ओतू नका. ते वाळू द्या. साडेनऊच्या सुमाराला पुन्हा अर्धी बादली. दहाला खाट टाका. चटईपेक्षा खाट बरी, कारण खालून वारा खेळतो आणि स्लॅबची धग पाठीला लागत नाही. मे महिन्यात वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, तेव्हा कठड्याला चिकटून झोपू नका, मधोमध खाट टाका. पहाटे चारला चादर लागते, ती उशाशी आधीच ठेवा. वहीतली त्या दिवसाची ओळ बहुतेक वेळा त्या चादरीचीच असते.

वर्षभराचं थोडक्यात

मार्च-एप्रिलमध्ये रात्री कडुनिंबाच्या मोहोराचा वास येतो. गाडीची काच खाली करून घरी या. मे महिन्यात बहावा. जूनच्या पहिल्या पावसाआधी शहराबाहेरच्या काळ्या जमिनीतल्या भेगा जाऊन बघा, मनगट आत जाईल एवढ्या असतात. पहिल्या जोराच्या पावसानंतर त्याच जागी परत जा. रंगपंचमीला राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते. जुने सुती कपडे, अंगाला खोबरेल तेल, फोन प्लास्टिकच्या पिशवीत, आणि मागे वाट मोकळी असलेल्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड गिरण्यांच्या झाँक्या निघतात. गिरण्या बंद पडून वर्षं लोटली, तरी कामगारांनी हे चित्ररथ थांबू दिले नाहीत. त्या रात्री रोषणाईपेक्षा रथ ओढणाऱ्या, वायरी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे बघा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सिरपूर तलाव. धार रस्त्यावरचा हा तलाव २०२२ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. सूर्योदयाला पोचा आणि सूर्य पाठीशी राहील असे पूर्वेच्या काठाला उभे राहा. समोरून ऊन आलं तर सगळी बदकं काळीच दिसतात. दुर्बीण आठ पटींची पुरते. तिच्याहून मोठी हातात थरथरते. पहिल्या दिवशी एकच पक्षी ओळखा आणि तो वीस मिनिटं काय करतो ते बघा.

सहावी पायरी: शहराबाहेर, पाण्याच्या वाटेने

इंदूरहून बाहेर पडायला उज्जैन, देवास, ओंकारेश्वर, मांडू, महेश्वर अशी भरपूर ठिकाणं आहेत आणि त्यांची माहिती कुठेही मिळते. इथे सांगायचं आहे ते वाटेत काय बघायचं. आमच्या मते नवख्याने पहिला प्रवास महेश्वरचा करावा, कारण त्या वाटेवर नव्वद किलोमीटरांत प्रदेशच बदलतो.

निघण्याआधी घरचा नळ उघडून पेलाभर पाणी प्या. इंदूरच्या नळाला येणारं बरंचसं पाणी नर्मदेचं आहे. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून ते पंपांनी विंध्याचा घाट चढवून सत्तरेक किलोमीटर आणलं जातं. तुम्ही त्याच पाण्याच्या उलट्या दिशेने जाणार आहात.

पहाटे साडेपाचला निघा. महूवरून जाम घाटाचा रस्ता घ्या. इंदूर साडेपाचशे मीटरवर, महेश्वर दीडशेच्या आसपास. म्हणजे चारशे मीटर उतार. उंची कमी झाली की हवा तापते, आणि एवढ्या उतारात साधारण अडीच-तीन अंशांचा फरक पडतो. घाटाच्या माथ्यावर, अहिल्याबाईंच्या काळातल्या जाम दरवाज्यापाशी थांबा आणि हात खिडकीबाहेर काढून हवा बघा. उतरल्यावर पुन्हा बघा. जानेवारीत हा फरक स्वेटर काढायला लावतो. माथ्यावर गहू, हरभरा, सोयाबीनची काळी जमीन. खाली निमाडात कापूस आणि मिरची. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चभर घाटात पळस फुलतो. पावसाळ्यात इथे दाट धुकं असतं आणि रविवारी गाड्यांची रांग लागते, त्यामुळे त्या महिन्यांत मधला वार निवडा.

आणखी एक गंमत महूच्या आसपास लपलेली आहे. तिथल्या पाणलोटाच्या एका बाजूचं पाणी चोरल नदीने नर्मदेला आणि अरबी समुद्राला जातं. दुसऱ्या बाजूचं जानापावहून निघणाऱ्या चंबळेने यमुनेला आणि बंगालच्या उपसागराला. राजवाड्यामागची कान्हसुद्धा क्षिप्रेला आणि क्षिप्रा चंबळेला मिळते. पावसात त्या रस्त्याने जाताना गाडीच्या काचेवरचा थेंब कोणत्या समुद्राचा, हे मुलांना विचारा. उत्तर शोधायला ती दोन्हीकडचे ओढे बघायला लागतात.

बसने गेलात तर आग्रा-मुंबई रस्त्याने धामनोदवरून जाल. खिडकी कोणती? सकाळी नैर्ऋत्येकडे जाताना ऊन डावीकडून येतं आणि संध्याकाळी परतताना पश्चिमेचं ऊन पुन्हा डावीकडूनच येतं. म्हणून उन्हाळ्यात दोन्ही वेळा उजवी खिडकी धरा. हिवाळ्यात डावी घ्या. कोवळं ऊन मिळतं आणि रस्त्याच्या कडेची शेतंही त्याच बाजूला असतात.

महेश्वरला घाटावर उतरल्यावर लगेच साड्यांच्या दुकानात शिरू नका. आधी किल्ल्याच्या आणि देवळांच्या भिंतींवर चार आकृत्या शोधा: लाट, वीट, चटई आणि हिरा. महेश्वरी साडीचे काठ या कोरीवकामावरून घेतलेले आहेत. दगडात चारही सापडल्या की मगच दुकानात जा आणि काठ उलगडायला सांगा. विकत घ्यायची असेल तर काठ उलटून बघा. पारंपरिक काठ दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा विणलेला असतो. संध्याकाळी पाण्याजवळच्या पायरीवर पाय बुडवून बसा. सकाळी घरी प्यायलेलं पाणी हेच.

दुसरा प्रवास पावसाळ्यातला, पातालपाणी ते कालाकुंड. होळकरांच्या काळात, १८७०च्या दशकात घातलेल्या मीटरगेज मार्गाचा हा जेमतेम दहा किलोमीटरचा तुकडा. २०१८च्या डिसेंबरपासून त्यावर पर्यटकांची गाडी सुरू झाली. ती बहुधा पावसाळ्यात आणि सुट्टीच्या दिवशीच असते, म्हणून त्या हंगामातलं वेळापत्रक रेल्वेकडून बघूनच घराबाहेर पडा. बोगद्यात शिरताना डोळे मिटा आणि बाहेर येताना उघडा, दरीतला हिरवा रंग दुप्पट होतो. कालाकुंडला पळसाच्या पानात कलाकंद मिळतो. तो तिथेच खा. दमट हवेत चार तासांत आंबायला लागतो. पातालपाणीच्या धबधब्यापाशी कठड्याच्या आतच राहा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर महूकडे पाऊस झाला की पाणी काही मिनिटांत चढतं.

मांडूला गेलात तर महालांच्या आधी रस्त्याकडेला गोरखचिंचेचे फुगीर बुंधे बघा. इथे तिला खुरासानी इमली म्हणतात. मूळची आफ्रिकेतली ही झाडं इथे रुजून शतकं झाली. टोपलीत तिची मखमली कवचाची फळं विकायला असतात. एक फोडून घ्या. आतला गर कोरडा, खडूसारखा आणि आंबट असतो. तो चघळत ठेवायचा, चावायचा नाही.

रात्रीची गाडी

मुंबईला जायचं झालं की इंदूरकर अवंतिका एक्स्प्रेस धरतात. जाताना रतलामला खाली उतरून शेव घ्या, लवंगेची. डबा उघडला की अख्ख्या कंपार्टमेंटला वास जातो, म्हणून समोरच्या बाकावरच्यांना आधी द्या; पुढची रात्र ओळखीच्या माणसांत जाते. सकाळी वसईची खाडी येण्याआधी जागे व्हा. पुलावर गाडीचा आवाज बदलतो तेव्हा दाराशी गर्दी करू नका, खिडकीच पुरते.

परतीच्या प्रवासात उजाडताना गाडी माळव्यात आलेली असते. रतलाम आणि उज्जैनच्या दरम्यान ती चंबळ ओलांडते, महूजवळच्या डोंगरात उगम पाहिलेली तीच नदी. उज्जैननंतर सामान आवरून ठेवा म्हणजे शेवटचा तास मोकळा मिळतो. इंदूरला उतरल्यावर रिक्षावाल्यांच्या घोळक्यातून थेट बाहेर या, वाफ निघणारं पातेलं शोधा, बॅग दोन पायांच्या मध्ये धरा आणि आधी लिंबू पिळून घ्या. शेव शेवटी.